प्रश्न न विचारणारा प्रोग्राम
(सी भाषेतील कमांड-लाइन ऑप्शनवरच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

सी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला प्रोग्राम बहुधा दोन संख्या मागतो. प्रिंटएफ पडद्यावर प्रश्न छापते, स्कॅनएफ उत्तराची वाट बघते, उत्तर टाइप केले की बेरीज येते. पुढे प्रोग्राम मोठे होतात, सवय मात्र तीच राहते. दहा गोष्टी हव्या असतील तर दहा प्रश्न विचारायचे. प्रयोगशाळेत हे खपून जाते, कारण तिथे प्रोग्रामासमोर तो लिहिणारा स्वतः बसलेला असतो. कामाच्या जागी प्रोग्राम चालायच्या वेळी समोर कोणी असेलच असे नाही. या पुस्तिकेचा विषय तिथून सुरू होतो.

उदाहरण आमच्याच भागातले घेतो. बीडहून परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरला जाणारा रस्ता तेलगावात एकमेकांना मिळतात. जवळच लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. गाळप हंगाम लागला की उसाचे ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या रात्रंदिवस काट्याकडे जातात. भरलेल्या वाहनाचे वजन होते, ऊस गव्हाणीत पडला की रिकाम्या वाहनाचे वजन होते, आणि दोन्हींतली वजाबाकी शेतकऱ्याच्या पावतीवर येते. काटा रात्री बंद नसतो. या पावत्यांची एक मोठी फाइल आहे, एका ओळीत एक पावती, असे समजू. त्या फाइलमधून एका गटाच्या एका दिवसाच्या पावत्या निवडून टनांची बेरीज करणारा छोटा प्रोग्राम आपल्याला लिहायचा आहे. त्याचे नाव ‘पावती’ ठेवू. कारखान्यात प्रत्यक्ष कोणती संगणक व्यवस्था आहे याच्याशी या उदाहरणाचा संबंध नाही. ते शिकवण्यासाठी रचलेले आहे.

हा प्रोग्राम कॉलेजच्या सवयीने लिहिला तर तो आधी विचारेल, ‘फाइलचे नाव टाका’. मग ‘गट क्रमांक टाका’. मग ‘तारीख टाका’. एका गटासाठी एकदा चालवायचा असेल तर ठीक आहे. पण गट वीस असतील आणि यादी रोज पहाटे तयार हवी असेल, तर कोणीतरी रोज पहाटे उठून तीच तीन उत्तरे वीस वेळा द्यायची. लिनक्सवर ठरल्या वेळी प्रोग्राम चालवून देणारी क्रॉन नावाची सोय आहे. तिच्या हवाली हा प्रोग्राम केला तर प्रश्नाला उत्तर द्यायला कोणीच नसते. स्कॅनएफला इनपुट संपल्याची खूण मिळते, आणि तिचे परतलेले मूल्य तपासायची सवय नसेल तर प्रोग्राम चलात पडून असलेला कचराच गट क्रमांक समजून पुढे जातो.

तोच प्रोग्राम सुरुवातीलाच सगळा तपशील घेणारा असेल, तर एका ओळीत काम होते: ‘पावती -जी १२ -डी २०२४-१२-०५ -ओ यादी.टीएक्सटी काटा.सीएसव्ही’. गट बारा, अमुक तारीख, निकाल या फाइलमध्ये, आणि वाचायची फाइल ही. एकदा लिहिलेली ओळ जपून ठेवता येते, दुसऱ्याला पाठवता येते, वीस गटांसाठी फिरवता येते. दुसरा प्रोग्राम ती चालवू शकतो. पुण्यातल्या आयसर संस्थेतल्या ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकावर तर बहुधा दुसरा रस्ताच नसतो. तिथे प्रोग्राम रांगेत लावायचा, आणि त्याचा नंबर लागेल तेव्हा तो चालणार. तेव्हा तुम्ही झोपलेले असाल. प्रश्न विचारणारा प्रोग्राम माणसाला यंत्रासमोर बांधून ठेवतो आणि तपशील आधीच घेणारा प्रोग्राम त्याला मोकळा करतो. पुस्तिका लिहिण्यामागचे मुख्य म्हणणे एवढेच आहे. बाकी सगळी पाने हे काम नीट कसे करायचे यावर खर्च झाली आहेत.

(वाचकाला एक सूचना. या प्रस्तावनेत कमांड, फंक्शने आणि चले यांची नावे देवनागरीत त्यांच्या उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत आणि आकडेही देवनागरी आहेत. प्रत्यक्ष प्रोग्राम लिहिताना नावे रोमन लिपीत टाइप करायची असतात. आकड्यांचे काय होते ते पुढे येईलच.)

महाराष्ट्रात सी शिकलेल्या कित्येक पिढ्यांच्या हातात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ पडले. त्यात प्रोग्रामाला बाहेरून तपशील पोचवणाऱ्या आर्गसी आणि आर्गव्ही यांची ओळख फाइलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामातून करून दिलेली आहे. पण हा भाग पुस्तकात उशिरा येतो आणि वर्गात तोवर सत्र संपत आलेले असते. त्यात आपल्याकडे अनेक वर्षे टर्बो सीचा निळा पडदाच वापरात होता. तिथे प्रोग्राम ‘रन’ मेनूतून चालवायचा. कमांडची ओळ डोळ्यांसमोर येतच नसे. आर्ग्युमेंट द्यायचीच असतील तर त्याच मेनूतल्या एका खिडकीत आधी भरून ठेवावी लागत. ज्यांची संगणकाशी पहिली ओळख २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमातून झाली, त्यांच्यासाठी संगणक म्हणजे माउस आणि खिडक्या. परिणाम असा की पदवी हातात आलेल्या विद्यार्थ्याला लिंक्ड लिस्ट लिहिता येते, पण स्वतःच्या प्रोग्रामाला बाहेरून एक आकडा देता येत नाही.

आता यंत्रणा समजून घेऊ. तुम्ही टाइप केलेली ओळ थेट प्रोग्रामाला मिळत नाही. आधी ती शेलच्या हातात जाते. शेल मोकळ्या जागांवर ओळीचे तुकडे पाडते, अवतरण चिन्हांत बांधलेला मजकूर एकसंध ठेवते, आणि तारांकन दिसले तर त्या जागी जुळणाऱ्या फाइलींची नावे भरते. ‘पावती *.सीएसव्ही’ असे लिहिले आणि फोल्डरमध्ये अशा चाळीस फाइली असल्या, तर प्रोग्रामाला तारांकन दिसतच नाही, चाळीस नावे दिसतात. हे तुकडे मेन फंक्शनला दोन गोष्टींच्या रूपात मिळतात. आर्गसी म्हणजे तुकड्यांची संख्या आणि आर्गव्ही म्हणजे त्या तुकड्यांची यादी. यादीतला शून्याव्या जागेवरचा तुकडा सहसा प्रोग्रामाचे स्वतःचे नाव असतो. यादीच्या शेवटी, म्हणजे आर्गसी एवढ्या क्रमांकाच्या जागेवर, नल पॉइंटर असतो याची हमी सीचे मानक देते.

सी भाषा आपल्याला एवढेच देते. ‘-जी’ हा ऑप्शन आहे, त्यानंतरचा ‘१२’ त्याचे मूल्य आहे आणि ‘काटा.सीएसव्ही’ ही साधी फाइल आहे, हे भाषेला ठाऊक नसते. तिच्या लेखी सगळ्या स्ट्रिंगच. त्यांना अर्थ देण्याचे काम प्रोग्रामरचे.

१९७८ साली ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचे ‘द सी प्रोग्रामिंग लँग्वेज’ आले. त्यात मजकुरातून ठरावीक शब्द असलेल्या ओळी शोधणारा एक छोटा प्रोग्राम आहे. तो ‘-एक्स’ आणि ‘-एन’ असे दोन ऑप्शन घेतो आणि ते एकत्र जोडून दिले तरी ओळखतो. हे काम एका आटोपशीर लूपमध्ये झाले आहे. त्या काळचे युनिक्सचे प्रोग्राम असेच होते. प्रत्येकाचा लूप प्रत्येकाने आपापला लिहिलेला. त्यामुळे प्रत्येक प्रोग्रामाची बोलीही वेगळी झाली. तिच्या खुणा आजही दिसतात. टार आपली अक्षरे समोर आडवी रेघ नसतानाही स्वीकारतो. डीडीला ‘आयएफ=’ आणि ‘ओएफ=’ अशी बरोबरच्या चिन्हाची भाषा लागते. फाइंड एकाच रेघेपुढे अख्खा शब्द घेतो. पीएसमध्ये तर रेघ असताना एका अक्षराचा एक अर्थ आणि रेघ नसताना दुसरा, अशी गत आहे.

या गोंधळावर उतारा म्हणून एटीअँडटीच्या युनिक्समध्ये, १९८०च्या सुमारास आलेल्या सिस्टिम थ्री या आवृत्तीत, गेटऑप्ट नावाचे फंक्शन आले. १९८५मध्ये डॅलस इथे भरलेल्या युनिफोरम परिषदेत एटीअँडटीने त्याचा मूळ कोड सर्वांसाठी खुला केला. कोणीही घ्यावा, कोणीही वापरावा. त्यानंतर निरनिराळ्या युनिक्सवर लिहिणाऱ्यांना एकच लूप वापरता येऊ लागला, आणि वापरणाऱ्याला नवा प्रोग्राम हाती आला तरी निम्मी भाषा आधीच ठाऊक असे. पुढे पॉझिक्स मानकाने हे फंक्शन स्वीकारले आणि त्यासोबत ऑप्शन कसे असावेत याचे नियमही लिहून काढले. ऑप्शन एका अक्षराचा असावा. ज्यांना मूल्य लागत नाही ती अक्षरे एका रेघेमागे जोडता यावीत. ऑप्शन आधी यावेत, फाइली नंतर. दोन रेघांचा एकटा तुकडा आला की ऑप्शन संपले असे समजावे. एकट्या रेघेचा अर्थ फाइलऐवजी स्टँडर्ड इनपुटमधून वाच, असा घ्यावा. हे नियम पाठ करण्याजोगे आहेत.

गेटऑप्टचे काम समजायला सोपे आहे. आपण त्याला आर्गसी, आर्गव्ही आणि तिसरी एक छोटी स्ट्रिंग देतो. आपल्या ‘पावती’साठी ती ‘जी:डी:ओ:व्हीएच’ अशी होईल. ज्या अक्षरापुढे विसर्गासारखे चिन्ह आहे त्याला मूल्य लागते. गट, तारीख आणि निकालाची फाइल यांना मूल्य हवे. ‘-व्ही’ म्हणजे काय चालले आहे ते सांगत जा, आणि ‘-एच’ म्हणजे मदत दाखव. या दोघांना मूल्य नको. फंक्शन लूपमध्ये बोलवायचे. दर खेपेला ते एक अक्षर परत देते, त्याचे मूल्य ऑप्टआर्ग या चलात ठेवते आणि कुठवर वाचून झाले ते ऑप्टइंडमध्ये नोंदवते. अनोळखी अक्षर आले तर प्रश्नचिन्ह परत येते. ऑप्शन संपले की उणे एक परत येते. तेव्हा ऑप्टइंडपासून पुढे जे उरते त्या फाइली. स्ट्रिंगच्या सुरुवातीलाच विसर्गाचे चिन्ह दिले तर गेटऑप्ट स्वतः चूक छापत नाही आणि ‘मूल्य दिलेच नाही’ ही चूक ‘अक्षर ओळखीचे नाही’ या चुकीपासून वेगळी कळवते. चूक सांगणारा संदेश मराठीत द्यायचा असेल तर ही सोय हवीच.

एवढ्याशा लूपमध्येही खड्डे आहेत, आणि पुस्तिकेची बरीच पाने त्यांच्यासाठीच आहेत. त्यांतले दोन-तीन इथेच सांगतो.

पहिला खड्डा प्रकाराचा. गेटऑप्ट इंट परत देते. अक्षरच तर येते, मग कॅर पुरे, असे वाटून अनेकजण ते कॅरमध्ये ठेवतात. नेहमीच्या लॅपटॉपवर कॅर उणे संख्या धरतो, म्हणून प्रोग्राम चालतो. रास्पबेरी पायसारख्या एआरएम प्रोसेसरच्या लिनक्सवर साधा कॅर उणे संख्या धरत नाही. उणे एकचे दोनशे पंचावन्न होतात, लूपला शेवट सापडत नाही आणि प्रोग्राम कायमचा फिरत राहतो. कोड तोच, फक्त यंत्र बदलले.

दुसरा खड्डा मूल्याचा. ‘-ओ -व्ही’ असे लिहिले तर गेटऑप्ट ‘-व्ही’ला निकालाच्या फाइलचे नाव समजते, कारण ‘-ओ’ला मूल्य हवे होते आणि पुढचा तुकडा हाताशी होता. गेटऑप्टचे यात काही चुकले नाही. मूल्य अर्थपूर्ण आहे की नाही हे तपासणे आपले काम. आकड्यांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचे, कारण ऑप्टआर्गमध्ये येते ती स्ट्रिंग. तिचा आकडा करायला वर्गात एटूआय शिकवतात. पण ‘-जी बारा’ असे अक्षरी लिहिले तर एटूआय मुकाट्याने शून्य देते, आणि खरोखरचा शून्य व चुकीतून आलेला शून्य यांत फरक करता येत नाही. पुस्तिकेत म्हणून एसटीआरटूएल वापरले आहे. ते आकडा जिथे संपला ती जागा दाखवते. काहीच वाचता आले नाही, की अर्धेच वाचले, की संख्या मर्यादेबाहेर गेली, हे तिन्ही त्यातून कळते.

तिसरा खड्डा खास आपला आहे आणि इंग्रजी पुस्तकांत तो सहसा सापडत नाही. वापरणाऱ्याने कीबोर्ड मराठीवर ठेवून ‘-जी’पुढे ‘१२’ हे देवनागरी अंक टाइप केले तर काय होते? सीची आकडा वाचणारी ही फंक्शने देवनागरी अंक ओळखत नाहीत. एटूआय पुन्हा शून्य देते. गट शून्यच्या पावत्या नसतात, म्हणून यादी रिकामी येते, आणि वापरणाऱ्याला वाटते की त्या दिवशी ऊसच आला नाही. एसटीआरटूएलने निदान चूक पकडता येते. त्याच्याही पुढे जाऊन देवनागरी अंकांचे इंग्रजी अंकांत रूपांतर करणारे छोटे फंक्शन पुस्तिकेत दिले आहे. आपल्या वापरणाऱ्यांसाठी ते लिहिण्याचे कष्ट घ्यावेत.

मग ऑप्शनच देवनागरीत का नसावेत? ‘-जी’ऐवजी सरळ ‘-ग’? एका अक्षराच्या ऑप्शनबाबत हे जमत नाही. गेटऑप्ट अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. यूटीएफ-८मध्ये ‘ग’ला तीन बाइट लागतात, म्हणून गेटऑप्टला एका ‘ग’मध्ये तीन अनोळखी ऑप्शन दिसतात. लांब ऑप्शनची गोष्ट निराळी. ग्नू प्रकल्पाच्या गेटऑप्ट-लाँगमध्ये दोन रेघांपुढे पूर्ण शब्द येतो आणि तो बाइटच्या माळेशी माळ लावून ताडला जातो. त्यामुळे ‘--गट’, ‘--तारीख’ असे ऑप्शन खरोखर चालतात. फक्त शब्द जपून निवडावा लागतो. ‘--शेतकऱ्याचा-क्रमांक’ असे नाव ठेवले तर त्यातला ‘ऱ्या’ वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या बाइटमध्ये लिहितात. कोणी ‘ऱ’ हे एकच चिन्ह वापरतो, कोणी ‘र’ला नुक्ता जोडतो, कोणी अदृश्य जोडचिन्ह घालतो. पडद्यावर सगळे सारखे दिसते, पण प्रोग्रामाला ते तीन वेगळे शब्द वाटतात. म्हणून लांब नावे साधी आणि बिनजोडाक्षरी ठेवावीत, आणि प्रत्येकाला एका रोमन अक्षराचा जोडीदार द्यावा.

लांब ऑप्शनची पद्धत रुजवली ती ग्नू प्रकल्पाने. ‘-व्ही’ म्हणजे आवृत्ती की बडबड, असा प्रश्न ‘--व्हर्जन’ आणि ‘--व्हर्बोज’मुळे उरत नाही. प्रत्येक प्रोग्रामाने ‘--हेल्प’ आणि ‘--व्हर्जन’ स्वीकारावेत असा ग्नूच्या लेखनसंहितेचा आग्रह आहे आणि तो वापरणाऱ्याच्या हिताचाच आहे. ग्नूच्या गेटऑप्टची आणखी एक सवय लक्षात ठेवावी. फाइलचे नाव आधी आणि ऑप्शन नंतर आला तरी ते आर्गव्हीतले तुकडे मागेपुढे करून ऑप्शन शोधून काढते. इतर युनिक्सवर पहिली फाइल आली की शोध थांबतो. लिनक्सवर चाललेली ओळ दुसरीकडे अडते ती बहुधा याच कारणाने. पॉझिक्सली-करेक्ट नावाचे एन्व्हायर्नमेंट चल ठेवले की लिनक्सवरही ही अदलाबदल बंद होते.

विंडोजवर काम करणाऱ्यांसाठीही थोडे. १९८१च्या पहिल्या एमएस-डॉसमध्ये फोल्डर नव्हते आणि ऑप्शनसाठी तिरपी रेघ वापरात होती. १९८३मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ती रेघ आधीच अडकलेली होती, म्हणून मार्गासाठी उलटी तिरपी रेघ घ्यावी लागली. आजही आपण ती टाइप करतो. ऑप्शनसाठी निवडलेल्या एका चिन्हाचे परिणाम किती वर्षे पुरतात याचा याहून चांगला दाखला नाही. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत गेटऑप्ट नाही. मिनजीडब्ल्यू हा कंपायलर-संच वापरणाऱ्यांना ते मिळते. विंडोजसाठी काय करायचे यावर पुस्तिकेत वेगळे प्रकरण आहे.

ऑप्शनची हाताळणी हे शिष्टाचाराचे किरकोळ काम आहे, असे कोणाला वाटत असेल तर दोन घटना सांगायला हव्यात. फेब्रुवारी २००७मध्ये सन कंपनीच्या सोलारिस १० या प्रणालीत एक उणीव उघडकीस आली. दुरून प्रवेश देणारी टेलनेट सेवा वापरकर्त्याने दिलेले नाव लॉगिन या प्रोग्रामाला जसेच्या तसे पोचवत होती. नावाच्या जागी ‘-एफ’ आणि त्याला चिकटून एखाद्या खात्याचे नाव दिले की लॉगिनला तो ऑप्शन वाटे. ‘-एफ’चा अर्थ होता, याची ओळख पटलेली आहे, पासवर्ड विचारू नको. पासवर्डाशिवाय प्रवेश मिळत होता. बाहेरून आलेला मजकूर रेघेने सुरू होऊ शकतो, आणि तो ऑप्शन समजला जाऊ नये म्हणून आधी दोन रेघांचा तुकडा द्यायचा असतो, हे न पाळल्याची ही किंमत होती.

दुसरी घटना जानेवारी २०२२ची. लिनक्सच्या बहुतेक प्रमुख वितरणांत असलेल्या पोलकिट संचातला पीकेएक्झेक हा प्रोग्राम आपला ऑप्शनचा लूप एकपासून सुरू करत असे. शून्यावर प्रोग्रामाचे नाव असणारच, हे त्याने गृहीत धरले होते. पण एखाद्याला प्रोग्राम चालवताना आर्गव्हीची यादी पूर्ण रिकामी देता येत होती. तेव्हा आर्गसी शून्य असते, आणि एकाव्या जागेवर वाचायला गेले की हाती लागतो तो स्मृतीत लगेच पुढे मांडलेला एन्व्हायर्नमेंट चलांचा मजकूर. एवढ्या फटीतून साधा वापरकर्ता यंत्राचा पूर्ण ताबा मिळवू शकत होता. क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी हे दाखवून दिले तेव्हा ती चूक २००९पासून तिथे होती. लिनक्स कर्नलने ५.१८ या आवृत्तीपासून रिकाम्या यादीत स्वतःच एक रिकामी स्ट्रिंग घालायला सुरुवात केली. आपला ‘पावती’ प्रोग्राम असा कोणाचा ताबा देणारा नाही. पण मेनच्या पहिल्याच ओळीत आर्गसी तपासण्याची सवय लहान प्रोग्रामातच लागते.

राहता राहिला वागणुकीचा भाग. ऑप्शन चुकला तर प्रोग्रामाने अंदाज बांधून पुढे जाऊ नये. नेमके काय चुकले ते एका ओळीत सांगावे, योग्य रीत एका ओळीत दाखवावी आणि थांबावे. हा संदेश स्टँडर्ड एररवर जावा, नाहीतर तो निकालाच्या फाइलमध्ये मिसळतो आणि पावत्यांच्या यादीत चूक सांगणारा संदेश ओळ बनून बसतो. बाहेर पडताना शून्याखेरीज दुसरा आकडा परत द्यावा, म्हणजे क्रॉन किंवा दुसऱ्या प्रोग्रामाला काम फसले हे कळते. उलट ‘--हेल्प’ मागून घेतलेली मदत ही चूक नव्हे. ती स्टँडर्ड आउटपुटवर जावी आणि शून्य परत यावा. ज्या गोष्टीशिवाय काम होऊच शकत नाही तिला ऑप्शन करू नये. ज्या गोष्टीला शहाणे पूर्वनिर्धारित मूल्य देता येते ती मागू नये. तारीख दिली नाही तर आजची धरावी. पासवर्ड कधीही ऑप्शनमधून घेऊ नये, कारण लिनक्सवर पीएस चालवणाऱ्या दुसऱ्या वापरकर्त्यालाही सहसा ती ओळ दिसते. आणि एकदा दिलेल्या अक्षराचा अर्थ बदलू नये. तुमच्या प्रोग्रामाची ओळ कोणीतरी आपल्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेली असते, आणि ते कोण हे तुम्हाला ठाऊक नसते.

पुस्तिकेत सहा प्रकरणे आहेत. पहिल्यात आर्गसी व आर्गव्ही आणि शेलचे काम. दुसऱ्यात हाताने लिहिलेला लूप. तो मुद्दाम दिला आहे, कारण गेटऑप्ट कोणते कष्ट वाचवते हे ते कष्ट घेतल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्यात गेटऑप्ट, चौथ्यात लांब ऑप्शन आणि देवनागरी, पाचव्यात मूल्यांची तपासणी व चूक सांगणारे संदेश, सहाव्यात विंडोज आणि इतर यंत्रे. प्रत्येक प्रकरणाअखेर ‘पावती’ एक पायरी पुढे जातो. ऑप्शन वाचण्याच्या आणखी दोन सोयी, ग्लिबसी या सी लायब्ररीतले आर्गपी आणि रेड हॅटच्या आरपीएममुळे माहीत झालेले पॉप्ट, यांचा फक्त उल्लेख आहे. गेटऑप्ट पक्के झाले की ती दोन्ही वाचून समजतात.

वाचकाला सीमधले लूप, ॲरे, पॉइंटर आणि स्ट्रिंग यांची ओळख आहे असे धरले आहे. ती कच्ची असेल, किंवा लिनक्सचा टर्मिनल कधी उघडलाच नसेल, तर मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि लिनक्स या दोन्हींचे धडे मराठीतून मोफत आहेत; ते आधी बघावेत. जीसीसी कंपायलर असलेला कोणताही जुना संगणक पुरेल. इंटरनेट नसले तरी अडत नाही. टर्मिनलमध्ये ‘मॅन ३ गेटऑप्ट’ टाइप केले की, मॅन पाने बसवलेली असतील तर, पूर्ण माहिती यंत्रातच मिळते.

शेवटी एक विनंती. पुस्तिका नुसती वाचू नका. तुमच्या जुन्या प्रोग्रामांपैकी जो सर्वांत जास्त प्रश्न विचारतो तो काढा, त्यातले सगळे स्कॅनएफ खोडा आणि त्यांच्या जागी ऑप्शन घाला. मग तो मित्राच्या हाती द्या आणि शेजारी बसून काहीही सांगू नका. ‘--हेल्प’ वाचून त्याला तो चालवता आला तर काम झाले. नाही आला, तर दुरुस्ती तुमच्या प्रोग्रामात हवी आहे.

तेलगाव, जि. बीड